नळ कोरडाच दाखवायचा होता

नसीम,

काल प्राचार्यांनी बोलावून घेतलं. तज्ज्ञांची कार्यशाळा पुन्हा आपल्याच महाविद्यालयात, दसऱ्याच्या आधी, हे आठवडाभर गाजत होतंच, काल कार्यक्रम ठरला. मुंबईचे सर येणार, पुण्याच्या बाई येणार, विद्यापीठाची मंडळी येणार, आणि यंदा विषय आहे तुझी थेंबांची पद्धत. दारात तुझा फोटो, त्याला हार, मग उद्घाटन, मग प्रात्यक्षिक. प्रात्यक्षिक मी करून दाखवायचं. तुमच्याशिवाय दुसरं आहे कोण, असं प्राचार्य म्हणाले. मी मान डोलावून बाहेर आले आणि व्हरांड्यात पोचल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण कशाला हो म्हणालो. तू सुटलीस, मला मात्र नीट कोंडून गेलीस.

तुझा चाळिसावा अजून व्हायचा आहे. गेलेल्या माणसाबद्दल इतक्यात तरी गोडच बोलावं, असा रिवाज आहे. मला ते जमेल असं वाटत नाही. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय, आणि अर्ध्यात राहिलेलं भांडण घेऊन मला तुझ्या फोटोसमोर उभं राहायचं आहे. त्याच कार्यशाळेत ठरायचं आहे की कारखान्यांच्या प्रयोगशाळांसाठी मुलं तयार करणारा नवा वर्ग आपल्याकडे येणार की नाही, आणि त्याच्यासोबत नवी प्रयोगशाळा, पाण्याच्या लाइनीसकट. मागच्या वेळी हेच ठरायचं होतं. मागच्या वेळी काय झालं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे, आणि आता फक्त मला.

आपण भेटलो तेव्हा जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत थाटल्या होत्या आणि जुन्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडून लातूर रंगवायचं काम जागोजागी चालू होतं. चहाच्या टपरीवर जो तो सांगायचा, आता जिल्हा झाला, आता सगळं येतंय बघा. मी किनवटहून पत्र्याची ट्रंक घेऊन आले होते. वडील रेल्वेत गँगमन, घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि नोकरीही अशा शहरात जिथं सगळं येणार होतं. विभागात तू आधीच एक सत्र जुनी होतीस. म्हणून तू मोठी, असं तूच ठरवून टाकलंस.

"कुठली तू?"

"किनवटची."

"म्हंजे जंगलातली की गं."

मी म्हणाले, मग तू काय पॅरिसची का. तू इतकी हसलीस की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार लावून गेले. त्या दिवसापासून मी 'करून राहिले' म्हणाले की तू लगेच माझी नक्कल करायचीस, आणि तू 'कायकू' म्हणालीस की मी तुझी.

सगळं आलं, फक्त पाऊस आला नाही. एक वर्ष गेलं, मग दुसरं. नगरपालिकेचा नळ आठवड्यातून एकदा यायला लागला, मग तोही भरवसा राहिला नाही. तुझ्या अब्बांचं गंजगोलाईच्या बाजारातलं रंगाऱ्याचं दुकान आधी अर्धा दिवस चाललं, मग बंदच पडलं, कारण कापड रंगवायचं तर ते चार पाण्यांतून काढावं लागतं. पण अब्बा रोज दुकान उघडून बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, चालू आहे ना काम. तुझा स्वभाव कुठून आला हे मला तिथं कळलं.

प्रयोगशाळेतला नळ कोरडा पडला तेव्हा मी हात टेकले होते. वाफ थंड करायच्या कंडेन्सरला वाहतं पाणी लागतं, थेंब मोजायची ब्युरेट धुवायला पाणी लागतं, शुद्ध पाणी तयार करायच्या यंत्रालाच थंड करायला बादल्याच्या बादल्या लागतात. मी सांगितलं, प्रात्यक्षिकं बंद ठेवू, विद्यापीठाला कळवू.  दुसऱ्या दिवशी तू पदरात काहीतरी बांधून आलीस. एका बांधकामावरून आणलेले पांढऱ्या फरशीचे तुकडे होते, आणि दवाखान्यातून आणलेल्या इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणि सिरिंजा.

मग तू फरशीच्या तुकड्यावर निकेलच्या द्रावणाचा एक थेंब टाकलास, त्यावर दुसरा थेंब, आणि लालभडक डाग उमटला. परीक्षानळी नाही, धुणं नाही, ओल्या फडक्यानं पुसलं की झालं. ब्युरेटचं काम सिरिंजनं. भांडी धुवायला तीन बोळकी ओळीनं ठेवायची. पहिल्यात मळकं पाणी, दुसऱ्यात बरं, तिसऱ्यात स्वच्छ, आणि पहिल्यातलं टाकलं की दुसऱ्यातलं पहिल्यात सरकवायचं. तुझी अम्मी दुष्काळात घरची भांडी अशीच घासायची, आणि माझी आईपण. आपण दोघींनी एम.एस्सी. करताना कधी तिकडं बघितलं नव्हतं. महिनाभरात पोरं फरशीवर असे हात चालवायला लागली की बघत राहावं. तुझी ती हुशारी मी कधीच नाकारली नाही. भांडण त्याच्यावरून नव्हतंच.

भांडण कार्यशाळेवरून.

पहिल्यांदा तज्ज्ञ येणार म्हणून पत्र आलं तेव्हा अख्खं महाविद्यालय हललं. नव्या जिल्ह्यात रसायनशास्त्र कसं शिकवलं जातं, मुलांच्या हातांना वळण आहे का, औद्योगिक वसाहत उभी राहतेय तिला इथून माणसं मिळतील का, पुढं संशोधन करणारं कुणी निघेल का, हे सगळं ती मंडळी तीन दिवस बघणार होती आणि त्यावरून नवी प्रयोगशाळा कुठं द्यायची ते सुचवणार होती. मी म्हणाले, काही तयारी नको. त्यांना थेट बेसिनपाशी नेऊ आणि म्हणू, सर, जरा नळ उघडा. बस. बाकी काही सांगायची गरज नाही.

तू माझ्याकडं असं बघितलंस जसं काही मी पाहुण्यांना उंबऱ्यावर उभं करायला सांगितलं.

"लई शहाणी हाईस. मुंबईहून माणसं येणार, आन् त्यांना हात धुवायला पाणी न्हाई म्हणून दाखवू व्हय?"

"दाखवायचंच आहे ना, नसीम. तेच तर दाखवायचं आहे."

"आपल्याला काय येतंय ते बघू दे की त्यांना. काय न्हाई ते कायकू दाखवायचं?"

आणि तू टाकी भरायचं ठरवलंस. गच्चीवरची सिमेंटची टाकी, जी वर्षभर कबुतरांनी वापरली होती, ती तू शिपाईमामांकडून घासून घेतलीस. मग सगळ्या स्टाफला सांगितलंस, ज्याच्या त्याच्या घरून एकेक घागर. आणि लोकांनी आणल्या, हे मला आजही नवल वाटतं. गणिताच्या सरांनी सायकलला कळशी बांधून आणली. ग्रंथपाल बाईंनी डोक्यावर आणली, वीस वर्षांत पहिल्यांदा, असं त्याच म्हणाल्या. प्यायचं पाणी होतं ते, नसीम, घराघरातलं. मीपण आणली, घरमालकिणीच्या शिव्या खाऊन, कारण सगळे आणत असताना आपण रिकाम्या हातानं यायचं माझ्याच्यानं झालं नाही. दुष्काळ असला की आपल्याकडं पाहुण्यापुढं तांब्या आणखीच काठोकाठ भरून ठेवतात. कुणी तसं शिकवत नाही. सगळे करतात.

त्या तीन दिवसांत नळाला पाणी होतं. मुंबईच्या सरांनी प्रवासातून आल्या आल्या हात धुतले, साबण लावून, सावकाश, आणि धुताना तुझ्याशी बोलत राहिले, नळ तसाच चालू. तू टॉवेल घेऊन हसत उभी होतीस. मी मागं उभी राहून ते पाणी जाताना बघत होते, त्यात माझी घागर कुठली ते शोधत. सर म्हणाले, इकडं पाण्याची फार अडचण आहे असं ऐकलं होतं.

तू म्हणालीस, "भागतं, सर."

एवढंच. पुढं कितीदा तरी मी ते दोन शब्द तुझ्या तोंडावर फेकले. भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणायचे, भागतं, सर. तू चिडायचीस, मग हसायचीस, मग पुन्हा चिडायचीस.

थेंबांचं काम बघून मात्र ती मंडळी खरंच चकित झाली. पुण्याच्या बाई साडी खोचून तुझ्याशेजारी जमिनीवर बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. या थेंबाच्या कडेलाच रंग आधी का येतो, मध्ये का नाही, असं त्यांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, ठाऊक नाही. त्यावर त्या म्हणाल्या, छान, मग आपण शोधू. मला आठवतं, तू माझ्याकडं वळून बघितलंस. तोवर आपल्याला कुणी 'आपण शोधू' म्हणालं नव्हतं. आपल्याला लोक उत्तरं पाठ करायला द्यायचे. कार्यशाळा म्हणजे भाषणं आणि जेवण असं मी समजत होते, त्या तासात माझा तो समज गेला. एका माणसानं शेजारी बसून एक प्रश्न विचारला की अख्खा विषय आपल्याकडं तोंड वळवतो. त्यासाठी मी त्या बाईंची ऋणी आहे आणि तुझीपण, कारण जमिनीवर बसायचं आमंत्रण तू दिलं होतंस.

शेवटच्या दिवशी समारोप झाला. मुंबईच्या सरांनी तुझं नाव घेऊन सांगितलं की साधनांच्या नावानं रडणाऱ्यांनी इथं येऊन बघावं. मग शिफारशी वाचल्या. थेंबांची पद्धत जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांनी घ्यावी. नव्या प्रयोगशाळेची निकड इथं नाही, ती दुसरीकडं द्यावी. टाळ्या पडल्या. तुला मंचावर बोलावलं, नारळ दिला. प्राचार्य खूश, संस्थेचे लोक त्याहून खूश, कारण त्यांना आता पाइप घालायला नको होते.

परत जाताना मी विचारलं, "नसीम, आपल्याला मिळालं काय?"

"तुला सरळ आनंद करता येत न्हाई का गं?"

तुझ्या हातात नारळ होता.  पण त्या संध्याकाळी टाकीत उरलेलं पाणी मी उतरवून तीन बोळक्यांत भरून ठेवलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नळ पुन्हा कोरडा.

खरं सांगते, मला तुझा हेवाही वाटला. पुण्याच्या बाईंनी उन्हाळ्यात तुला त्यांच्या प्रयोगशाळेत बोलावून घेतलं. तिथून आल्यावर तू जी गोष्ट सांगितलीस ती मी आजवर कितीजणांना सांगितली असेल. तिथं नळ चालूच ठेवून लोक चहाला जातात, म्हणून तू गुपचूप जाऊन बंद करायचीस. आणि कुणाचा तरी कंडेन्सर तापायचा, प्रयोग वाया जायचा. दोन दिवस कुणाला कळेना की हे कोण करतंय. तिसऱ्या दिवशी बाईंनी तुला रंगेहाथ पकडलं. तू म्हणालीस, पाणी वाया जात होतं, मॅडम. बाईंनी सगळ्यांना बोलावून ते सांगितलं आणि हसल्या, आणि मग तुला जवळ घेऊन कंडेन्सरचं पाणी खालून का सोडतात ते पहिल्यापासून समजावलं. एम.एस्सी. झालेली, दोन वर्षं शिकवणारी बाई, आणि वाहत्या पाण्यावरचं ऊर्ध्वपातन तिनं सरांना लांबून करताना बघितलं होतं, हातानं कधी केलंच नव्हतं. तू हे हसून सांगितलंस. मी हसले. हसून झाल्यावर मनात आलं, मग आपली पोरं हे कुठं करणार, ते मात्र मी तुला बोलले नाही.

मग तू स्वतःच तज्ज्ञ झालीस. नांदेडला, हिमायतनगरला, शेवटी माझ्या किनवटला. पिशवीत फरशीचे तुकडे घेऊन तू आगगाडीत बसायचीस आणि मी तुझ्यासोबत, तुझी सहायक म्हणून. किनवटला वसतिगृहाच्या शाळेतल्या शिक्षकांची कार्यशाळा होती. जंगलातल्या वाड्यावस्त्यांवरची मुलं खिडक्यांना लटकून बघत होती. तू शिक्षकांना म्हणालीस, तुम्ही सरका, आधी पोरांना बसू द्या. एका मुलीनं फरशीवर थेंब टाकला, निळा रंग आला, आणि ती तुला म्हणाली, "मॅडम, हे मीच करून राहिले ना?"

"तूच," तू म्हणालीस. या वेळी तू नक्कल केली नाहीस.

माझे बाबा त्या दिवशी ड्यूटी संपवून दारात येऊन उभे होते. त्यांच्या गावच्या शाळेत लहानपणी त्यांना पाण्याच्या माठाला हात लावू देत नव्हते, आणि इथं ते बघत होते की सगळी पोरं एकाच बाटलीतून थेंब घेतायत. घरी जाऊन ते आईला म्हणाले, ती बाई जिथं बोलवील तिथं हिला जाऊ दे. नसीम, त्या दिवशी तू बरोबर होतीस. तुझी पद्धत नसती तर त्या पोरीला पुढं दहा वर्षं रसायनशास्त्र म्हणजे फळ्यावरची अक्षरंच राहिली असती. हे तुला मी तेव्हा सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तू डोक्यावर बसली असतीस, म्हणून राहून गेलं.

आणि मग सुमन.

आपली सुमन, पहिल्या वर्गात पास झालेली, फरशीवर जिचा हात तुझ्याइतका चालायचा. वसाहतीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिला बोलावणं आलं. तोंडी परीक्षा झाली, तिनं फटाफट उत्तरं दिली. मग त्यांनी तिच्यापुढं कंडेन्सर ठेवला आणि म्हणाले, जोडून दाखवा. तिनं पाणी वरून सोडलं. कंडेन्सर पाण्यानं भरलाच नाही, वाफ तशीच बाहेर आली, खोलीभर वास पसरला, आणि त्यांनी तिला नम्रपणे परत पाठवलं. ती रडली नाही. आपल्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, पाणी कुठून सोडायचं ते वाचलं होतं मी. कधी सोडलंच न्हाई, म्हणून हात तिकडंच गेला."

ती गेल्यावर मी तुला नको नको ते बोलले. म्हणाले, टाळ्या तुला आणि नुकसान हिचं. म्हणाले, दुष्काळ पाऊस पडला की जातो, पण तू त्याला अभ्यासक्रमात नेऊन बसवलंस, आता तो जाणार नाही. तू शांतपणे फरशा पुसत राहिलीस. मी म्हणाले, नळ कोरडाच दाखवायचा होता, नसीम. तू म्हणालीस, आणि किनवटच्या पोरीला काय सांगायचं? मी म्हणाले, किनवटची पोर पण उद्या कारखान्यात जाईल.  आपण दोघी तिथंच अडकलो, त्या टेबलाच्या दोन बाजूंना, आणि अजून तिथंच आहोत.

त्यानंतरच्या सोमवारी तू सायकलरिक्षात पाण्याचं पिंप घालून आलीस. कुठून आणलंस, अब्बांना काय सांगितलंस, ते मला अजून ठाऊक नाही. एक बादली कपाटावर ठेवली, एक जमिनीवर, मध्ये रबरी नळी आणि कंडेन्सर. वरचं पाणी खाली आलं की पोरांनी बादली उचलून पुन्हा वर ओतायची. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक मुलाला तू एकदा तरी ते करायला लावलंस, सुमनला सगळ्यांत आधी, तिचा आता वर्गाशी संबंध नसताना. आठवडाभरात पाणी तापून, सांडून संपलं. तू मला 'तुझं बरोबर होतं' असं म्हणाली नाहीस. त्या बादल्यांकडं बघून मीही 'चुकलं माझं, फार बोलले' असं म्हणाले नाही. आपल्या दोघींच्या तोंडाला कुलूप असायचं ते अशाच वेळी.

मग चार वर्षांनी, यंदा, पुन्हा पाऊस दडी मारून बसला. मृग गेला, आर्द्रा गेल्या. नांदेडला तू थोरल्या बहिणीकडं, आपाकडं गेलीस आणि तिथं काविळीनं तुला धरलं. मला वाटलं, कावीळ काय, ऊस खाईल, पडून राहील, येईल. मी बसनं आले तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे झाले होते आणि तू दवाखान्याच्या खाटेवर बसून मला विचारलंस की पोरांच्या फरशा कुणी पुसतं का. मी म्हणाले, तूच ये पुसायला. कार्यशाळेचं तेव्हा नुसतं कानावर आलं होतं. आपानं तुला पडायला सांगितलं. तू माझा हात धरून ठेवलास. तुझा हात गरम होता. मला वाटलं, आता तरी हिच्या तोंडून निघेल.

तू म्हणालीस, "पाव्हणे येतील शोभा. मी नसले तरी पाणी ठेव गं त्यांना. कमी पडू देऊ नको."

मला हसू आलं आणि राग आला. तशा अवस्थेतही तुला टाकीच दिसत होती. मी म्हणाले, तू आल्यावर बघू. ते आपलं शेवटचं बोलणं. चौथ्या दिवशी तुझ्या भावाचा निरोप घेऊन माणूस आला.

आता ऐक. परवा अब्बा महाविद्यालयात आले होते. इतके वाळलेत की कुर्ता खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. मी बसा म्हणाले तरी ते बसले नाहीत. त्यांनी सांगितलं, औशाच्या रस्त्यावर नातेवाइकाच्या विहिरीला अजून पाणी आहे, तिथून तुझ्या नावानं टँकर सांगितलाय. कार्यशाळेच्या दिवशी सकाळी येईल, महाविद्यालयाची टाकी भरून देईल. "पानी पिलाना बडे सवाब का काम है बेटा, मोठं पुण्य," म्हणाले. "तिचे पाहुणे आहेत. ती असती तर तिनं हेच केलं असतं."

खरं आहे. तू हेच केलं असतंस. मी काय म्हणायचं? ज्या माणसाचं दुकान पाण्यावाचून बंद पडलं, लेक गेली, तो लेकीच्या नावानं पाणी देतोय, आणि मी त्याला म्हणू की नको? प्राचार्य शेजारीच होते, त्यांना तर गहिवरून आलं. इकडं तू सांगून गेलीस, पाणी ठेव. तिकडं सुमन आता शिकवण्या घेते, आणि तिच्यामागून आलेल्या चार तुकड्यांतली मुलं फरशीवर हात चालवून बाहेर पडलीत. टाकी भरली तर मुंबईचे सर पुन्हा साबण लावून सावकाश हात धुतील. तुझ्या फोटोकडं बघून डोळे पुसतील. आणि पुन्हा म्हणतील, इथं निकड नाही. नाही भरली तर मी तुझा शब्द मोडला, अब्बांचा सवाब परतवला. ज्या बाजूला वळावं तिथं तूच आडवी उभी.

काल प्राचार्यांकडून आल्यावर मी प्रयोगशाळेत जाऊन बसले. तुझ्या फरशा ओळीनं लावलेल्या. उगाच नळ उघडून बघितला. आधी थोडी हवा आली, मग काहीच नाही. मी तो तसाच उघडा ठेवून बराच वेळ बसले. तुझी फार आठवण आली. रडू आलं ते तेव्हा, पहिल्यांदा नीट.

आज सकाळी अब्बांच्या घरी गेले. अम्मीजवळ बसले, चहा घेतला, मग अब्बांना म्हणाले, टँकर येऊ द्या. पण टाकीत नको. टाकीतलं पाणी हात धुण्यात जातं, ते पाजणं नव्हे. फाटकापाशी रांजण मांडू, तुमच्या दुकानातले साध्या पाण्याचे मोठे रांजण रिकामेच आहेत, ते घासून घेऊ. त्यात भरू. वर तिचं नाव. पाहुणे पितील, पोरं पितील, रस्त्यानं जाणारा पिईल.  अब्बा रंगारी आहेत, पाण्यावाचून काम कसं थांबतं ते त्यांना ठाऊक, त्यांना कळलं मी नळ कोरडा का ठेवतेय ते. मग उठले आणि शेजारच्या पोराला हाक मारून रांजण बाहेर काढायला सांगितले.

म्हणजे तुझा शब्द राहील, नसीम. पाहुण्यांना पाणी कमी पडणार नाही. गार, वाळा घातलेलं, तांब्या काठोकाठ. तुझ्या पद्धतीचं प्रात्यक्षिकही मी मन लावून करीन, किनवटच्या त्या मुलीचं सांगीन, तुझी नक्कल न करता. आणि ते झालं, की बोटांना लाल निळे डाग लागलेल्या त्या सगळ्या मोठ्या माणसांना मी बेसिनपाशी नेणार आहे, आणि म्हणणार आहे, सर, जरा नळ उघडा.

तू असतीस तर धावत मध्ये आली असतीस, हातात टॉवेल घेऊन.

ये ना. अडव मला.